केळीच्या खोक्यावरचा पियानो

मला गेममधलं संगीत आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाची निराशा नको. पोरं मोबाइलवर अंगठे आपटत बसतात आणि त्यातून जे टिंगटिंग बाहेर येतं, त्याला संगीत म्हणायचं असेल तर आमच्याकडे सावद्याला नळ आल्यावर हंड्याला हंडा लागतो, त्यालाही म्हणा. हे माझं मत जुनं आहे आणि त्यातलं बरंचसं अजून जागेवर आहे. पण या मतापायी मी एका पोरीचं काय करून बसले होते आणि ते निस्तरायला धुळ्यापर्यंत कसं जावं लागलं, ते लिहिते आहे.

मी कोणाकडे शिकलेली नाही. लग्न होऊन सावद्याला आले तेव्हा सासऱ्यांच्या भजनी मंडळाची पेटी ओसरीवर असायची. पुरुष माणसं केळीच्या कापणीला गेली की मी तिचं झाकण उघडायची आणि रेडिओवर जे लागलेलं असेल ते शोधत बसायची. एक सूर सापडायला कधी कधी अख्खी दुपार जायची. सासूबाई आतून म्हणायच्या, "मांजर शिरलं का वं पेटीत?" पुढे बायांचं भजनी मंडळ निघालं, पेटी कोण वाजवणार म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मी सरकले पुढे. तेव्हापासून चाळीसेक वर्षं झाली. राग कोणता ते मला विचारू नका. सूर कुठे चुकला ते विचारा, झोपेतून उठून सांगेन.

पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात सुरांवर असतो आणि डावा मागे भाता मारत असतो. सगळ्यांचं लक्ष उजव्याकडे. डावा म्हणजे सालदार, वर्षभर राबायचं, आणि पीक कोणाचं म्हटलं की मालकाचं. माझ्या सालदाराला इतक्या वर्षांत एकही सूर ठाऊक नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

मुलगा जळगावला नोकरीला. त्याची एकच मुलगी, माझी नात, आता दहावीला. घरात सगळे मला अक्का म्हणतात म्हणून तीही अक्काच म्हणते. तिला वाढदिवसाला कीबोर्ड घेतला. कीबोर्ड म्हणजे काय, तर ज्याला काही येत नाही त्यालाही येतं असं वाटावं म्हणून बनवलेली वस्तू. एक बटण दाबलं की ढोल, दुसरं दाबलं की बासरी, तिसरं दाबलं की सगळं वऱ्हाडच वाजायला लागतं. मग माणूस एक बोट फिरवतो आणि टाळ्या घेतो. माझ्या सुनेच्या माहेरचे लोक आले की हेच करायचे.

पोरीने मात्र महिन्याभरात सगळी बटणं बंद केली. नुसता पियानोचा आवाज ठेवला आणि त्यावर काहीतरी एकटीच वाजवत बसायला लागली. दिवाळीच्या आधी मी जळगावला गेले होते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"हे कोणतं गाणं?"

"गाणं नाही अक्का. गेममधलं आहे."

"ज्यात माणसं मारतात, त्यातलं?"

"यात कोणाला मारायचं नसतं. एक बुटका माणूस दिवा घेऊन रिकाम्या गावातून चालतो."

"गाव का रिकामं?"

"ते शेवटी कळतं म्हणे."

"म्हणे म्हणजे? तू शेवटपर्यंत गेली नाहीस?"

"मी त्याला मधेच विहिरीपाशी उभा करते आणि ऐकत बसते. तो उभा असला की धून चालूच राहते."

मी कपाळाला हात लावला. गेम आणायचा, तो खेळायचा नाही, त्यातल्या माणसाला विहिरीपाशी तिष्ठत ठेवायचं आणि मागचं टिंगटिंग ऐकायचं. असल्या पोरांना दहावीला काय टक्के पडणार.

पण तिला सांगायची हौस. म्हणाली, मूळ धून वीस-पंचवीस वाद्यांची आहे, ती मला दोन हातांत बसवायची आहे. म्हटलं, म्हणजे तापीचं पाणी तांब्यात. तर म्हणाली, "सगळं नाही घ्यायचं अक्का. काय सोडायचं तेवढंच तर ठरवायचं असतं."

मग तिने मला मोबाइलवर दुसऱ्या लोकांनी बसवलेलं दाखवलं. जगभरात ही जमात आहे. गेममधली धून घ्यायची आणि एकट्याने पियानोवर वाजवायची. बहुतेकांना सोडणं ठाऊक नाही. चार सुरांची साधी धून, आणि तिच्या अंगावर चारशे सुरांचा साज. वरून खाली, खालून वर, बोटं नुसती केळीच्या घडावरच्या मुंग्यांसारखी पळतात. शेवटी वाजवणारा मान वर करून डोळे मिटतो, जणू त्याच्या अंगात आलं आहे. मी म्हटलं, याला आधी एक गिलास पाणी द्या. पोरगी हसली. तिलाही ते लोक आवडत नव्हते. "मी असं नाही करणार," म्हणाली.

तेव्हा मी तिचं ऐकून घेतलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण मी चहाला उठले.

थंडी पडली आणि आमच्याकडे भरिताचा मोसम लागला. सावद्याच्या शेतात दरवर्षी आम्ही जेवण करतो. कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर हिरवी वांगी भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, लवंगी मिरचीचा ठसका, पुऱ्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि केळीच्या पानावर पंगत. जळगावहून मुलगा, सून, नात आले. धुळ्याहून लेक आणि जावई. शिवाय भाऊबंद, शेजारी, माझ्या भजनी मंडळाच्या बाया, असे तीस-चाळीस लोक. कोणीतरी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून वायर ओढली, बाजेवर कीबोर्ड ठेवला आणि पोरीला म्हणाले, वाजव.

आपल्या लोकांची वाजव म्हणायची एक रीत आहे. आधी वाजव म्हणायचं. वाजवायला लागलं की ओळखीचं वाजव म्हणायचं. ओळखीचं वाजवलं की आपण बोलायला लागायचं. पोरीने ओळखीचं वाजवलं नाही. तिने स्वतः बसवलेलं ते वाजवायला घेतलं, घराबाहेर पहिल्यांदाच. वांगी ठेचणाऱ्यांचा आवाज, पोरांचा आरडाओरडा, आणि त्यात ती धून, हळू, मोकळी, मधे मधे थांबणारी. मंडळातली माझी जोडीदारीण, टाळ वाजवते ती, माझ्या कानाशी आली.

"काय वाजवून राह्यली वं तुझी नात? मले तं काही समजेना."

आता मला समजत होतं का? अर्धंमुर्धं. पण चाळीस वर्षं पेटी वाजवणारी बाई, समजत नाही असं कसं म्हणणार. मी चांगली मोठ्याने म्हणाले, "गेममधलं आहे. एक बुटका दिवा घेऊन हिंडतो, आणि गावात म्हणे कोणीच नाही. मागे हे असलं वाजत असेल तर मीही गाव सोडून गेले असते."

काय हसले लोक. ज्याच्या हातात वांगं होतं तो वांगं खाली ठेवून हसला. माझ्या बोलण्याला इतकं हसू आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, आणि खरं सांगते, मला गोड वाटलं. पोरीने मधेच थांबवलं. कीबोर्डवर कापड घातलं, हात धुतले आणि पुऱ्या वाढायला लागली. माझ्या पानावर पुरी वाढताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी दुसरी मागितली, तीही वाढली.

आठ दिवसांनी सुनेचा फोन. "अक्का, तुम्ही म्हणालात ते यांना पटलं. कीबोर्ड माळ्यावर ठेवला."

"मी काय म्हणाले?"

"शेतात म्हणालात ना. हे म्हणतात, ज्यांना कळतं त्यांनाच ते संगीत वाटत नाही, तर दहावीच्या वर्षात कशाला."

मला राग आला, आणि तो मुलाचा आला. पोरीला नाही म्हणायचं तर स्वतःच्या तोंडाने म्हणावं. माझं वाक्य उचलून काठीसारखं वापरायचं काय कारण. पण काठी मीच तासून दिली होती, हेही कळत होतं. तिसऱ्या दिवशी मी डोळे दाखवायचं निमित्त काढून जळगावला गेले.

पोरगी अभ्यासाला बसली होती. पुस्तक उघडं, आणि पुस्तकाच्या बाजूला एक केळीचा खोका, चारी बाजूंनी फाडून सपाट केलेला. आम्ही शेतातली केळी ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून मुलाकडे पाठवतो, त्यातलाच. त्याच्या कोऱ्या बाजूवर तिने पट्टीने आखून काळ्यापांढऱ्या पट्ट्या काढल्या होत्या, मापात, काळ्या पट्ट्या मार्करने भरलेल्या. आणि त्यावर दोन्ही हात चालले होते. आवाज काय तो बोटांचा पुठ्ठ्यावर. उंदीर धान्यात फिरावा तसा.

"हे काय?"

"सराव."

"ऐकू काय येतं यातून?"

"मला येतं."

मी खाटेवर बसले. मुक्याचं भजन, असं तोंडावर आलं होतं, पण एकदा हात पोळला होता म्हणून गिळलं. तीच म्हणाली, "शेवट अडला आहे."

"म्हणजे?"

"गेममध्ये शेवट नसतोच. माणूस उभा आहे तोवर ते फिरत राहतं. पियानोवर कुठेतरी थांबायला लागतं. आणि कुठेही थांबले तरी लाइट गेल्यासारखं वाटतं. तुम्ही बाया भजनात कशा थांबता?"

"दमलो की."

ती हसली नाही. मग मला खरं सांगावं लागलं. म्हटलं, घरी यायचं. म्हणजे ‘सा’ या सुरावर. पण येताना घाई करायची नाही. बाजारातून घरी येणारी बाई कशी येते, पिशवी जड असते, दार दिसतं, तरी पाऊल तेच. तिने त्या पुठ्ठ्यावर करून पाहिलं. मला काही ऐकू येत नव्हतं आणि मी मान हलवत होते. दोन शहाण्या.

"तू बस," म्हणाली. "उजव्या हाताने धर, मी सांगते ते. डावा इथे."

मी बसले. उजवा हात गेला बरोबर जागेवर. डावा हात खोक्यावर ठेवायला गेले तर तो आपला मागे जाऊन हवेत भाता मारायला लागला. पुन्हा आणला, पुन्हा गेला. ती बघत होती. भरितानंतर पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं.

तेवढ्यात मुलगा आला. धुळ्याच्या माझ्या लेकीने महिनाभर आधी एक उद्योग करून ठेवला होता. तिच्या कॉलनीतल्या संगीत क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता, त्यात बाहेरच्या मुलांनाही घेत होते, आणि त्या क्लासकडे खराखुरा पियानो होता, लाकडी, तारांचा. तिने भाचीचं नाव देऊन टाकलं होतं. पोरीने खरा पियानो आयुष्यात हाताळला नव्हता. त्या एका गोष्टीसाठी ती पुठ्ठ्यावर बोटं झिजवत होती. आता बहिणीने दिलेलं नाव मागे घेणं बरं दिसेना, म्हणून मुलाने तोड काढली. पोरीसमोरच मला म्हणाला, "तू चल धुळ्याला. तूच ऐक आणि तूच सांग. तू हो म्हणालीस तर कीबोर्ड खाली काढतो. नाही म्हणालीस तर कोणाला तरी देऊन टाकू, विषय मिटला."

"मी कोण न्यायाधीश?"

"शेतात झालीच होतीस की."

पोरगी बापासाठी आणलेली पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होती. तिने बशी ठेवली आणि खोका उचलून आत गेली.

एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला निघालो. पोरीच्या मांडीवर तो खोका. बाप म्हणाला, तिथे खरा आहे ना, हा कशाला. ती म्हणाली, असू दे.

क्लासचा हॉल म्हणजे वरच्या मजल्यावरची लांब खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, फुगे, आणि एका कोपऱ्यात तो पियानो, हार घातलेला. क्लासचे सर स्वतः दाखवायला आले. साहेबाच्या वेळचा आहे म्हणाले. खानदेशात प्रत्येक जुन्या वस्तूमागे एक साहेब असतोच. आमच्या शेजारच्यांचा पाटासुद्धा साहेबाच्या वेळचा आहे. पियानोचं झाकण उघडं होतं आणि पट्ट्यांच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं होती, वाळलेली.

"दसऱ्याला पूजा केली," सर म्हणाले. "फोटो पाहिला असेल तुम्ही, फार चालला."

"वाजवतं कोण याच्यावर?"

"मुलं शक्यतो कीबोर्डच घेतात. तयार रिदम मिळतो ना. पियानोला ते नाही."

पोरगी म्हणाली, "मी यावरच वाजवणार आहे. आधी एकदा हात लावून बघू?"

"नको, सुरात आहे तो. आता पाहुणे येतील. काय वाजवणार तू?"

"गेममधली धून. मी बसवलेली."

"गेम? मोबाइल गेम?" सरांनी आजूबाजूच्या पालकांकडे पाहिलं. "म्हणजे मधे आउट झालीस तर पुन्हा पहिल्यापासून का?"

पालक हसले. मला ते हसू ओळखीचं वाटलं. ठसका तोच, वांगी तेवढी नव्हती. आपण वाढलेलं आपल्याच पानात पडलं की कसं लागतं, ते मला त्या दिवशी कळलं. पोरीने या वेळी मात्र मान खाली घातली नाही. म्हणाली, "हो, पहिल्यापासून." आणि खुर्चीवर जाऊन बसली.

प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि संगीताने मन शांत होतं यावर बोलले, तेवढ्यात त्यांचा फोन तीनदा वाजला. मग मुलं. एकेक जण येई, बटण दाबे, कीबोर्ड ढिंगटांग सुरू होई, पोर एका बोटाने त्यामागे धावे. रिदम पुढे, पोर मागे, सुटलेल्या बसमागे धावावं तसं. आया मोबाइल धरून उभ्या, त्यामुळे मागच्यांना फक्त आयांच्या पाठी दिसत होत्या. असे अकरा झाले. माझ्या एका बाजूला मुलगा होता, दुसऱ्या बाजूला धुळ्याच्याच एक बाई, नातवासाठी आलेल्या.

मग ती उठली. पियानोवरचा हार काढून बाजूला ठेवला, त्यावर सरांच्या कपाळाला आठी पडली, आणि बसली.

खऱ्या पियानोचा आवाज मी समोर बसून पहिल्यांदाच ऐकत होते. एक सूर दाबला की तो लगेच मरत नाही. रांजणात खडा टाकल्यावर आतून येत राहावं, तसा येत राहतो. तिलाही ते पहिल्यांदाच कळत असणार, कारण तिने पहिल्या चार सुरांनंतर नेहमीपेक्षा जास्त वेळ सोडला. मला वाटलं, बरं आहे. आणि पुढच्या सुराला आवाज आला, टक.

सूर नाही, नुसतं लाकूड. पट्टी खाली गेली ती वर आलीच नाही. पांढरी एक, मधली. जिथे धून फिरून फिरून येऊन बसते ती घरची पट्टी. पोरीने वाजवता वाजवता एका बोटाने ती उचलली, पुन्हा दाबली. टक. मागे कोणीतरी खुदकन हसलं. शेजारच्या बाई माझ्याकडे झुकल्या.

"मावशी, ते बिघडेल शे का?"

"ते नाही बिघडलं," मी म्हणाले. "अक्कल बिघडली आहे."

कारण मला कळलं होतं. आमच्या मंडळातही दसऱ्याला पेटीची पूजा होते. हळद, कुंकू, फूल, अक्षता. पण आम्ही पेटीचं झाकण लावतो, कडी घालतो आणि मग वरून अक्षता टाकतो. पट्ट्यांच्या फटीत तांदळाचा एक दाणा गेला की सूर बसला, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. यांनी झाकण उघडं ठेवून पूजा केली होती. फोटोत पियानोचे दात दिसायला हवेत ना. दसऱ्यापासून ते दाणे आत होते, आणि तेव्हापासून त्या पियानोला कोणी हात लावलेला नव्हता. सुरात आहे म्हणे.

मुलगा स्टेजकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी काय चेहरा करते ते पाहत होता. मला त्याच्या गालफडात द्यावीशी वाटली. अरे, तिकडे बघ.

ती धुनेच्या शेवटाजवळ आली होती. शेवट त्याच पट्टीवर होता, मीच सांगितलं होतं, घरी यायचं. आणि घराला कुलूप. मी साडीचा पदर बोटाला गुंडाळून धरला. ती शेवटाला गेलीच नाही. वळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ऐकणाऱ्याला शंकासुद्धा आली नसेल, कारण ती धून मुळात फिरतीच आहे. पण या खेपेला तिने हात बदलले. जे उजव्या हातात होतं ते सगळं डाव्याने घेतलं, खाली, खर्जात. आणि डाव्याचं काम उजव्याने उचललं, वर, लांब. मधली ती मेलेली पट्टी तिने सोडून दिली, रस्त्यातल्या खड्ड्याला वळसा घालावा तशी.

आमच्या पेटीचा मधला सूर बसला की आम्हीही खालच्या सप्तकात जातो. पण आम्ही एकाच हाताने जातो. आधी थांबतो, खाकरतो, टाळवालीला खूण करतो. हिने चालता चालता सालदाराच्या हातात मालकाचं काम दिलं आणि मालकाला राबायला लावलं, आणि दोघांनाही ते येत होतं. खोक्यावर ते कधी केलं असेल? मी विचारलं नंतर. म्हणाली, कधीच नाही.

खाली गेल्यावर ती धून म्हातारी झाली. वर होती तेव्हा कोणीतरी दिवा घेऊन हिंडतं आहे असं वाटत होतं. खाली, तोच माणूस, पण आता या गावात कोण कोण राहत होतं ते त्याला आठवतं आहे, असं. हे मला उगाच वाटलं असेल. मी पुढच्या रांगेत बसून रडलेबिडले नाही, कोणी तसा समज करून घेऊ नका. शिवाय ती धून मला मधे थोडी रेंगाळलेलीही वाटली. पण शेवटी ती डाव्या हाताने खालच्या ‘सा’वर आली, तसंच पाऊल न बदलता, पिशवी जड असूनही. आणि थांबली. लाइट गेल्यासारखं वाटलं नाही.

टाळ्या लगेच आल्या नाहीत, कारण संपलं हे कोणाला कळलं नाही. मग माझ्या लेकीने वाजवल्या, मग बाकीच्यांनी. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पोर भारी वाजाडस, पन माले काही समजनं नही." म्हटलं, मलाही सगळं नाही समजलं. हे वाक्य शेतात म्हणायचं होतं, धुळ्यात म्हटलं.

सरांनी माइक घेतला. "छान प्रयत्न. पुढच्या वेळी एखादं गाणं बसव बेटा."

सगळे नाश्त्याला गेले तेव्हा पोरगी माझ्याजवळ आली. "अक्का, एक सूर मेला होता."

"मेला नाही, अडकला आहे. चल."

मी अंबाड्यातला आकडा काढला आणि दोघी पियानोपाशी गेलो. फटीत आकडा घालून कडेकडेने सरकवला. एक दाणा निघाला, मग दुसरा, मग एक अर्धा, हळदीने पिवळा झालेला. सर हातात कचोरी घेऊन धावत आले.

"मावशी, हात नका लावू."

"हात कुठे, आकडा लावते आहे."

"ते पूजेचे तांदूळ आहेत."

"पूजा झाकण लावून करतात."

"झाकण लावल्यावर फोटोत कळणार कसं पियानो आहे ते?"

मी आकडा पुन्हा अंबाड्यात खोचला. काही माणसांना उत्तर देणं म्हणजे त्यांना बढती देणं. पोरीने पट्टी दाबली. वाजली. गोल, भरलेला सूर, खोलीभर गेला. तिने तो तीन-चारदा नुसता वाजवून पाहिला. मला वाटलं आता पुन्हा सगळं वाजवेल, सरांना दाखवेल. नाही. झाकण लावलं, हार होता तसा वर ठेवला.

"आता शेवट वर आणशील ना, या पट्टीवर?" मी विचारलं.

"नाही. खालीच बरा आहे."

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या पुढे मुलाने विचारलं, "मग? आवडलं?"

मागच्या सीटवर खोक्यावरची बोटं थांबली.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे द्यायचा ना कोणाला तरी?"

"मी आवडलं नाही म्हणाले. मला लवंगी मिरचीही सोसत नाही. ती शेतातून उपटून टाका असं मी कधी म्हटलं का?"

"मग काय समजू?"

"तू काही समजू नकोस. तू तर ऐकतही नव्हतास, माझ्या तोंडाकडे बघत होतास. माझा डावा हात चाळीस वर्षं भाता मारतो आहे. तिचा डावा हात आज धून घेऊन घरी आला, मधला रस्ता बंद असताना. मला हे जमत नाही. ज्याला जमत नाही त्याने शेतात तोंड उघडायचं नसतं, एवढं मला कळायला हवं होतं." मग मागे न बघता म्हणाले, "मंडळातल्या बायांनाही सांगणार आहे मी हे. त्या हसल्या होत्या ना, त्यांनाही."

मागे पुठ्ठ्यावर बोटं पुन्हा चालायला लागली.

घरी पोचल्यावर मुलाने स्टूल घेतलं आणि माळ्यावरून कीबोर्ड काढला. बापाची इज्जत राहावी म्हणून एक अट घातली, अभ्यास झाल्यावर रोज एक तास, त्यावर नाही. सुनेने कीबोर्डवरची धूळ पुसली आणि तो खोका उचलला. "आता हा रद्दीत टाकते."

"थांब," पोरगी म्हणाली. तिने तो तिच्या हातातून घेतला आणि गणिताच्या पुस्तकाखाली सरकवला. "एका तासात कुठे होतं."